भादीचा वाफा

कुसुमचं नाव मीच लिहिलं. माझ्या हातानं, चुन्याच्या पाण्यात काडी बुडवून. शाळेत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून गुरुजींनी मलाच बसवलं. आधी फळीवरचं माझं नाव ओल्या फडक्यानं पुसायला लावलं. मग म्हणाले, "लिही. कुसुम. खाली इयत्ता चौथी. ठळक लिही, साहेबांना लांबून दिसलं पाहिजे."

मी ठळक लिहिलं.

ती फळी त्यांनी माझ्या वाफ्यात रोवली. माझी वहीही मागून घेतली. तिच्यावरचं नावसुद्धा मीच खोडलं आणि कुसुमचं घातलं. वहीत अडीच महिन्यांची रोजची नोंद होती. कोंब कधी आला, पान कधी फुटलं, पाणी कधी मिळालं नाही. सगळं कुसुमचं झालं. कुसुम बाजूला उभी राहून वेणी चाळवत होती. तिनं काही मागितलं नव्हतं. तिला न मागता मिळायची सवय होती.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं. आम्ही गोमाई नदीच्या काठी, शहाद्यापासून कोसभर अंतरावर राहायचो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. आमचं मूळ घर वर डोंगरात, अक्कलकुव्याच्याही पुढे. बाप गेला आणि जंगलातली शेती जंगलखात्यानं बंद केली, तेव्हा आई मला घेऊन सपाटीवर उतरली. आमच्या बोलीत आईला याहा म्हणतात. याहा पाटलांच्या शेतात निंदायची आणि लाकडाच्या मोळ्या विकायची. वर्गात भिलाची मुलगी मी एकटीच. मला दाराजवळ बसवायचे. वारा लागतो म्हणून मला ती जागा आवडते, असं मी स्वतःला सांगायची.

त्या वर्षी वरून हुकूम आला होता की मुलांनी हातानं काम करून शिकावं. शाळेमागच्या पडीक तुकड्यात गुरुजींनी प्रत्येकाला एक वाफा आखून दिला. बी ज्यानं त्यानं घरून आणायचं. रोज वहीत लिहायचं. भादव्यात दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार, त्यांना उत्तम वाफा दाखवायचा. जमीन पाटलांनी दिली होती. पाणी गल्लीपलीकडच्या पाटलांच्याच विहिरीचं. कुसुम त्यांचीच मुलगी.

मुलांनी भुईमूग आणला, भेंडी आणली, कुणी गवार. मी घरी येऊन बी मागितलं. याहानं वर पाहिलं. छपराला एक वाळका भोपळा टांगलेला होता, तोंडाला शेणमातीचं बूच. डोंगर उतरताना तिनं डोक्यावर भांडी घेतली नव्हती, तो भोपळा घेतला होता. आत भादी. बारीक, राखी दाण्याचं डोंगरातलं धान्य. आमच्या पाड्याचं तेवढंच बी शिल्लक होतं. तिनं बूच फोडलं आणि अर्धं बी माझ्या ओंजळीत ओतलं. वर मूठभर उडीद.

म्हणाली, "पिकलं की परत आण. भोपळ्यात जेवढं होतं तेवढं तरी परत गेलं पाहिजे."

पेरायचं कसं तेही तिनंच सांगितलं. भादी आणि उडीद एकत्र पेर. उडीद पसरतो, जमीन झाकतो. दगड वेचू नकोस, दगडाखाली ओल राहते. मी तसंच केलं. गुरुजी येऊन वाफ्याकडे बघत राहिले. बाकीचे वाफे चाळलेल्या पिठासारखे मऊ, माझ्यात दगडच दगड. त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. "बघा रे, ही डोंगरी शेती. आळशाचं काम." सगळे हसले. मीही हसले. सांगायचं तर हेही सांगितलं पाहिजे, मीही हसले.

पाण्याची गोष्ट अशी. विहिरीवर दोर होता, बादली होती. मी पहिल्या दिवशी पुढे झाले तर एक मोठी पोरगी ओरडली, "ए भिल्लीन, दोरले हात नको लाऊ!" मग मी मडकं ठेवून बाजूला बसायचं. कुणाच्या मनात आलं तर ओतायचं. बहुतेक दिवस कुणाच्या मनात यायचं नाही. शाळेची घंटा व्हायची आणि मी रिकामं मडकं उचलून परत यायची. वहीत लिहायची, आज पाणी नाही. पानच्या पानं तेवढंच.

श्रावणात पावसानं ओढ दिली. तीन आठवडे थेंब नाही. विहिरीनं तळ गाठला तेव्हा पाटलांनी शाळेचं पाणी तोडलं. गुरुजी विनवायला गेले तर पाटील ओट्यावरूनच म्हणाले, "आधी मन्ही मिरची जगी, मंग तुमनी शाळा." आठ दिवसांत भेंडी वाळली, गवार करपली, भुईमुगाची पानं हातात चुरा व्हायला लागली. त्या रोपांना रोज पाण्याची सवय होती. माझ्या वाफ्याला कधी नव्हतीच. भादी थोडी वाकली, टोकांना पिवळी पडली आणि उभी राहिली. खाली उडदानं दगड झाकून टाकले होते. मी एक दगड उचलून पाहिला, खाली माती गार होती. मी कुणाला दाखवलं नाही. मनातून फार फुगले होते. उत्तम वाफा माझाच, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

गुरुजींनाही दिसलं. म्हणून साहेब यायच्या सकाळी त्यांनी मला चुन्याचं पाणी कालवायला सांगितलं.

साहेब दहाच्या सुमाराला टांग्यातून आले. बरोबर पाटील, जरीचा रुमाल बांधलेले. आम्हाला वाफ्यांपाशी रांगेत उभं केलं. सगळीकडे वाळलेल्या काड्या आणि मधोमध तो एक हिरवा तुकडा. साहेबांनी फळी वाचली, "कुसुम कोण?" कुसुम पुढे झाली. साहेबांनी विचारलं, "हे काय पेरलंस, बाळ?" कुसुमला माहीत नव्हतं. ती पाटलांकडे बघायला लागली. पाटलांनाही माहीत नव्हतं. गुरुजी म्हणाले, "लाजते आहे, साहेब."

तेवढ्यात कुंपणाकडून आवाज आला.

"साहेब, हाई भादी शे. मन्ही पोरनी लायेल शे."

याहा होती. बाजाराला निघालेली. डोक्यावर मोळी, लुगडं डोंगरातल्या पद्धतीनं मांडीपर्यंत खोचलेलं, गळ्यात मण्यांच्या माळा, पायांना धूळ. सपाटीवर राहून ती जेवढी अहिराणी शिकली होती, तेवढी सगळी तिनं त्या दोन वाक्यांत खर्च केली. आणि ती हसत होती. मी त्या वाफ्याचं कधी दाखवलं नव्हतं एवढं कौतुक तिच्या तोंडावर उघडं पडलं होतं.

पोरं खिदळली. साहेबांनी वळून विचारलं, "ही बाई कोण?"

गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "कुणी नाही, साहेब. मोळीवाली आहे."

"मुलगी म्हणते आहे. हिची मुलगी आहे का शाळेत?"

 मग गुरुजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांना उत्तर माहीत होतं. माझं नाव घालायला याहाच आली होती, तेव्हाही अशीच मोळी घेऊन. त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "तू ओळखतेस का हिला?"

त्या दिवशी मी केसांना तेल लावलं होतं. झगा नदीवर दोनदा धुतला होता. अडीच महिने मी मनात एकच चित्र रंगवलं होतं. साहेब येतील, पाठीवर हात ठेवतील आणि मी या सगळ्यांसारखी दिसेन. मी कुंपणाकडे पाहिलं. उघड्या पिंढऱ्या, धूळ, मोळी. पोरांच्या नजरा तिच्यावर होत्या आणि आता त्या माझ्यावर येणार होत्या. मला लाज वाटली. गुरुजींची नाही, पाटलांची नाही. तिची.

मी म्हणाले, "नाही."

गुरुजींच्या भीतीनं म्हणाले असं सांगितलं तर लोक समजून घेतील. पण ते खरं नाही. भीती होतीच, पण ती थोडी. लाज जास्त होती.

याहा क्षणभर तशीच उभी राहिली. हसू तोंडावर राहून गेलं, त्याचं काय करावं हे तिला कळलं नसावं. मग मोळी सावरून ती बाजाराच्या रस्त्याला लागली.

साहेबांनी भाषण केलं. "मुलांनो, या रोपांकडून शिका. पाणी नाही, खत नाही, तरी तक्रार नाही. माणसानं असंच तगून राहावं." कुसुमला रंगीत चित्रांचं पुस्तक मिळालं. माझी वही हातात घेऊन साहेब चाळत होते. आज पाणी नाही, आज पाणी नाही. त्यांनी ते वाचलं आणि कुसुमच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "किती चिकाटी!" गल्लीपलीकडे विहीर होती. पाणी का नाही, हे काही त्यांनी विचारलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या. माझ्याच हातांनी.

घरी याहानं मला भाकर वाढली. रागावली नाही. पोटभर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हात धुताना एवढंच बोलली, "दाणा भरला की सांग. नवाई करायची आहे." नवं धान्य आधी देवापुढे आणि गेलेल्यांपुढे ठेवायचं, तोवर घरात कुणी चाखायचं नाही, ही आमची रीत. तिला बियाची काळजी होती. माझ्याबद्दल तिनं काही विचारलंच नाही.

दसऱ्याच्या आधी भादी पिकली. कणसं खाली झुकली. त्या दिवशी गुरुजींनी मला विळा दिला आणि वर्गासमोर म्हणाले, "वाफा कापून ठेव. पाटलांचा गडी येईल, बैलांना घालायला नेईल. कुसुमच्या नावावर आहे ना तो."

बैलांना. देवापुढे जायच्या आधी, भोपळ्यात जायच्या आधी. पाड्याचं शेवटचं अर्धं बी.

मी विळा घेऊन वाफ्यात बसले. पहिलं कणीस हातात धरलं आणि पुढे हात चालेना. फळी समोरच होती. माझंच ठळक अक्षर. पावसात थोडं उतरलं होतं, तरी वाचता येत होतं. मला वाटलं, ही सगळी चोरी मीच लिहून दिली आहे. त्यांनी फक्त सांगितलं. नाव पुसलं मी, नाव लिहिलं मी, आणि ज्या बाईचं बी, तिला ओळखत नाही म्हणाले तीही मीच.

मी उठले. "ही कणसं बैलांना जाणार नाहीत."

गुरुजी दारातून म्हणाले, "काय?"

"हे माझ्या आईचं बी आहे. त्या दिवशी कुंपणाशी उभी होती ना मोळीवाली, ती माझी आई. मी खोटं बोलले. तुम्हाला माहीत होतं मी खोटं बोलतेय, म्हणूनच तुम्ही विचारलंत."

खिडकीत पोरांची डोकी गोळा झाली. गुरुजींनी येऊन माझ्या तोंडात मारली. कान वाजला. म्हणाले, "नाव कमी करीन शाळेतून."

मी म्हणाले, "करा. फळीवरून केलंच आहे."

मग मी खाली बसून कापायला लागले. बोट कापलं. सगळी कणसं झग्याच्या ओच्यात घेतली. उडदाच्या शेंगा तोडल्या. फळी उपटली आणि गुरुजींच्या पायाशी ठेवली. विळाही ठेवला, तो शाळेचा होता. दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव नव्हतं.

याहानं कणसं मळली, दाणे पाखडले. भोपळा भरून वर चार ओंजळी उरले. नवाई झाली. मी तिला सांगितलं, शाळेत सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. ती भोपळ्याला शेणमातीचं बूच लावत होती. मी म्हणाले, "त्या दिवशी मी नाही म्हणाले, ते..."

"ऐकलं होतं," ती म्हणाली. आणि बूच दाबत राहिली.

बस, तेवढंच. नाही म्हणाले ते तिच्यासमोर. हो म्हणाले तेव्हा ती तिथे नव्हती. हा हिशोब मला मिटवता आलेला नाही आणि मिटवायचाही नाही.

पुढे मी दुसरीकडे शिकले, वयानं मोठी होऊन, लहान पोरांच्या मागच्या बाकावर बसून. आता स्वतः शिकवते. पोरांना तगून राहा म्हणून मी सांगत नाही. कुणी सांगायला आलं, तर मी विचारते की विहीर कुठे आहे आणि दोर कुणाच्या हातात आहे. आणि कुठल्याही साहेबापुढे उभी राहिले की त्यानं काही विचारायच्या आधी मी बोलते. मी मोळीवालीची मुलगी. भिलाची. आधी हे लिहून घ्या, ठळक लिहा, मग पुढचं बोलू.