शार्कशेजारचा रानकांदा

संग्रहालयात लहानथोर सगळे तिला आत्या म्हणत. सख्खा भाचा मात्र तिला एकही नव्हता. तळघरातल्या बरण्यांमधलं स्पिरिट उडून कमी झालं की भर घालायची, वाळवलेली झाडं कागदावर बसवायची, एकतीस वर्षं हेच काम. तिच्या टेबलाशेजारच्या बरणीत खोल समुद्रातला शार्क होता. हातभर लांब, काळाकुट्ट, टपोऱ्या डोळ्यांचा. सकाळी कुलूप उघडलं की ती त्याला विचारी, "काय, झाली का झोप?" उत्तराची सवय दोघांनाही नव्हती. चार दिवसांनी ती निवृत्त होणार होती. मग घरी विचारायला तेवढंही कुणी नव्हतं.

साहेबांनी तिचं शेवटचं काम तपासायला मागितलं : रानकांद्याची दोन झाडं, मुळापासून उपटलेली. आत्यानं झाडं वाळवायच्या दाबातला कागद उलगडला आणि जीभ चावली. आठ महिने चिरडून पडलेल्या एका कांद्याला बोटभर पिवळा कोंब फुटला होता.

"आत्या, दाबाआधी कांदा उकळत्या पाण्यात बुडवायचा. मला तुम्हीच शिकवलंत ना?"

"विसरले हो साहेब. म्हणून तर घरी पाठवताय."

"बुडवा आता. नाहीतर सगळा कागद कुजेल."

तिनं पाणी ठेवलं. शार्क काय, कांदा काय, दोघंही अंधारातलेच, तिच्या मनात आलं. शार्कच्या अंधाराला तळ नाही. त्यानं पोटालाच काजव्यासारखा मिणमिणता दिवा लावून घेतला. कांदा वीतभर मातीखाली पावसाची वाट बघत पडून राहतो. आजवर ती स्वतःला शार्कच्या गोतातली समजत आली होती. काचेआड, गप्प, न कुजणारी. पण या कांद्यानं तर पावसाचीही वाट बघितली नव्हती.

पाणी खळखळून आटत आलं, तरी तिचा हात पुढे होईना.

"साहेब, एक राहू दे कागदावर. हा मला द्या."

"संग्रहातला नमुना? नोंद काय करू?"

"लिहा, जिवंत निघाला."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि तेच शब्द लिहिले.

शेवटच्या दिवशी तिनं शार्कची बरणी काठोकाठ भरली. सहा महिने कुणी फिरकलं नाही तरी चालावं, इतकी. झाकण दोनदा आवळलं. "येते," म्हणाली, आणि कान तुटलेल्या कपातला कोंब दोन्ही हातांत धरून पायऱ्या चढू लागली. कुलूप लावायला हात मोकळा नव्हता. ते साहेबांनी लावलं.