न मागता दिलेलं झाकण

तिला सगळे 'टिकटिकताई' म्हणायचे. मुठीत मावेल असं एक मोजायचं यंत्र तिच्या हातात कायम असे. अंगठ्याने दाबलं की टिक्, आणि आकडा एकाने पुढे. मूल किंचाळलं, टिक्. चावलं, टिक्. मूल शांत बसलं की मात्र ती यंत्र खिशात टाकून आधी हसायची.

मुलांसोबतच्या या कामाआधी बारा वर्षं ती बटणांच्या कारखान्यात माल तपासायला होती. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मुलांचं वागणं कसं मोजावं, कसं बदलावं, हे शिकली. "बटणं मोजणारी बाई आता पोरं मोजते," असं धाकटी बहीण चिडवायची. ताई म्हणायची, "बटण फुटकं निघालं तर टाकून द्यायचो. इथे टाकायचं काही नसतं, म्हणून जास्त वेळ लागतो."

त्या वर्षी तिच्याकडे सात वर्षांची एक मुलगी आली. बोलत नव्हती, पण किंचाळायची अशी बारीक की आजीने नावच पाडलं, चिमणी. वर्गात दिवसाला वीस किंकाळ्या. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून टाकलं होतं, "महिनाअखेर आकडा पाचाच्या खाली यायला हवा. नाही आला तर दुसरी शाळा बघा." दुसरी शाळा नव्हतीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईने एक पिवळं कार्ड केलं. काही हवं असेल, नको असेल, की ते समोरच्याच्या हातात द्यायचं. किंकाळीची जागा कार्डाने घ्यायची. घरचा तक्ता आईने भरायचा. घरच्या किंकाळ्या चार, दोन, एक, शून्य अशा उतरत गेल्या. ताईने त्या कागदावर लाल चांदणी काढून दिली आणि आईने तो फ्रिजवर लावला. वर्गात मात्र एकोणीस, एकवीस, अठरा. कार्ड दप्तरात तसंच कोरं करकरीत.

नऊ दिवस उरले, तेव्हा ताई संध्याकाळी त्यांच्या घरी गेली आणि स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. आई भांडी पुसत होती. चिमणी फळीपाशी येऊन उभी राहिली. तिचा खालचा ओठ जरासा आत वळला. आईने मान न वळवता हात वर केला, स्टीलचं झाकण काढलं आणि तिला दिलं. चिमणी ते फरशीवर भिंगरीसारखं फिरवत बसली.

टिक्.

आई दचकली. "अहो ताई, ती किंचाळली कुठे?"

"तिचं नाही, तुमचं मोजतेय. तिने मागायच्या आधी तुम्ही किती वेळा देता ते."

"घ्या!" आजी दारातून म्हणाली. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

तासाभरात आकडा एकतीसवर गेला. पाणी, उशी, दिवा, झाकण. आईने तक्त्यात खोटं काहीच लिहिलं नव्हतं. ओठ हलला की वस्तू हजर, मग पोर किंचाळणार कशाला? आणि कार्ड तरी कशाला देणार?

आईचे डोळे भरून आले. "आईने नाही ओळखायचं तर कोणी?"

"ओळखा की. पण ओळखून पाच आकडे थांबा. वर्गात तिचा ओठ वाचणारं कुणी नाहीये." मग ताईने फ्रिजवरची चांदणी बघितली. "चूक माझीही आहे. शून्य बघून मी हुरळले. हे शून्य आलं कुठून, ते विचारलंच नाही. कारखान्यात असं केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला."

कार्ड फळीवर, चिमणीच्या हाताला येईल असं ठेवलं. आईने पाच मोजायचे. कार्ड मिळालं की झाकण लगेच; नाहीच दिलं, तर कार्डाकडे नुसतं बोट दाखवायचं. "आधी वाढेल हं," ताईने बजावलं.

वाढलंच. दुसऱ्याच दिवशी घरी सव्वीस किंकाळ्या. आईचा फोन आला, "ताई, मी बंद करते हे. मला नाही बघवत."

"आज एकदा तरी कार्ड दिलं?"

"एकदा दिलं."

"मग ते लिहा. किंकाळ्या राहू देत माझ्याकडे, तुम्ही कार्डं मोजा."

आजीने कानात कापूस घातला, पण कार्डं मोजायला चष्मा लावून बसली. तीन झाली, मग आठ. एकदा आजीने मुद्दाम झाकण मांडीखाली लपवलं आणि कार्ड हातात पडल्यावर म्हणाली, "काय बाई, हुकूम सुटला!"

आता कार्ड वर्गातही दप्तराऐवजी बाकावर, हाताशी असायचं. महिनाअखेर ताई वर्गात मागच्या बाकावर दिवसभर बसली. आकडा आला सात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेर आई कुजबुजली, "चार लिहा ना. तिनाचाच तर फरक आहे."

"सातच लिहिणार," ताई म्हणाली, "पण शेजारी कार्डं चौदा, हेही लिहिणार."

आत चिमणी आईशेजारच्या खुर्चीवर बसली. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला. "सात म्हणजे पाचाच्या खाली नाही." तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, बाहेर एकच गलका उठला. चिमणीचा ओठ आत वळला. आईचा हात आपोआप तिच्याकडे निघाला. मग तिने तो मागे घेतला आणि पदराखाली एकेक बोट मिटत मोजायला लागली. एक. दोन. ताईचा अंगठा यंत्रावर होता. तीन.

चिमणी उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि पिवळं कार्ड मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात दिलं.

"हे काय म्हणतेय ती?"

"आवाज पुरे म्हणतेय," ताई म्हणाली.

बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, उठून दार लावलं, खिडकीही लावली. खोली शांत झाली. "मला नीट सांगितलं तर मीही ऐकते," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं, आणखी तीन महिने. "आणि ताई, हे कार्ड शाळेतल्या बाकीच्या बाईंनाही समजावून द्या."

ताईने यंत्र खिशात टाकलं आणि हसली. आईची तीन बोटं अजून मिटलेलीच होती. पाचापर्यंत जायची वेळच आली नव्हती.