सारजाच्या नावाचं मत

"सारजा म्हन. नवऱ्याचं नाव विचारलं तं लाजजो." मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात भाऊसाहेब एका बाईला शिकवत होते. माझ्यादेखत.

सारजा माझी बायको. महिन्याआधीच तिला माती देऊन आलो होतो.

भाऊसाहेब सिंदीचे पुढारी, पक्षाचे. त्यांच्या सभांच्या सतरंज्या मी अंथरल्या, झटकल्या, उचलल्या. त्यावर बसलो कधीच नाही. आमच्या लोकांनी खाली मातीत बसायचं.

या खेपेला मात्र मी आत मतदानाच्या खोलीत बाकावर होतो, अपक्ष उमेदवाराचा एजंट म्हणून. अपक्ष म्हणजे आमच्याच वस्तीतला, मशीनवर कपडे शिवणारा. त्याच्यामागे ना शेठ, ना पक्ष. मी त्याच्याकडे गेलो ते सारजामुळं. पहिल्या इलेक्शनला यादीवाल्यानं नाव विचारलं तेव्हा तिनं रिवाजानं "यायची बायको" एवढंच सांगितलं. अशा बायांची नावं कटली. भाऊसाहेब हसले. मीही हसलो. थू माझ्यावर. पुढच्या यादीला तिनं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं. तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची. ती म्हणाली, "मी आपल्या मानसाच्याच पेटीत टाकन. जो मले वरून पानी वाढते, त्याले मत काऊन देऊ?"

मग तापानं गेली.

ती बाई टेबलाशी येऊन मतदान घेणाऱ्या साहेबांना 'सारजा' म्हणाली, तसा मी उठलो. "साहेब, ही सारजा नोहे. सारजा मेली."

भाऊसाहेब दारातून म्हणाले, "अबे, मेली तं मेली. तिचं मत काऊन मारतं? बाकावर बसला तं लय चढली तुले!"

रांग हसली. मी टेबलापुढं आडवा झालो. "हिच्या बोटाले शाई लावाची असन, तं पहिले मले बाहेर फेका."

ती बाई कापसाच्या जिनिंगमधली मजूर. "बाप्पा, मले नाई पाह्यजे हे पाप," म्हणाली आणि निघून गेली. साहेबांनी मान खाली घालून पुढचं नाव पुकारलं.

आमचा माणूस पडला. सपाटून पडला.

आठ दिवसांनी भाऊसाहेबांचा माणूस घरी आला. "झालं गेलं सोड. पुढच्या डावाले तुमच्या वस्तीले तिकीट देतो म्हनतेत भाऊसाहेब. तुलेच. उद्या भेटाले येजो."

मला शिसारी आली. मेलेल्या बाईला न सोडणारे हात, आता माझ्या पाठीवर फिरवायला निघाले होते.

"येत नाई," मी म्हणालो. "सांगजो त्याईले. अर्ज मी भरीन, पन कोनत्याच पक्षाचा नाई. त्याईच्याच विरुद्ध भरीन. पडलो तं पुन्हा भरीन. मरेस्तोवर भरीन."