पाहुण्यासोबतचा चहा

रुग्णाला उशीला टेकवायचं, मान वळवायची आणि गळ्याची शीर किती वर फुगलीय ते पाहायचं. हृदयातला दाब मला असा मशीनशिवाय कळतो, याची मला भारी घमेंड. धनज गावच्या एका काकांची शीर मात्र माझं ऐकायलाच तयार नव्हती. लघवीच्या गोळ्या वाढवल्या तरी पायांवर सूज, आडवं झालं की धाप. पाणी मोजून प्या म्हणून खवळलो, तर म्हणाले, "मोजूनच पेतो."

शेवटी त्यांच्या घरीच गेलो. काकूंनी लगेच चहा आणला. नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, म्हणून घेतला. काकांनीही कप उचलला.

"तुम्ही कशाला?" मी ओरडलो.

"पाहुण्याले एकट्याले प्याले लावू काय? हार्ट कमजोर हाय म्हनून तुमीच सांगतलं, तवापासून अख्खं गाव भेटाले येऊन राह्यलं. सगळ्यायसंग घ्या लागते. अन् चहा म्हंजे काय पानी हाय?"

शीर पाहिली, पार कानाखाली पोचली होती. चहा एकदम बंद, असं बजावून मी उठलो.

"पटलं," काका म्हणाले, आणि आत हाक मारली, "साहेब निघून राह्यले, अर्धा-अर्धा कप आन वं!"