नव्वद दिवसांची माती

शनिवार, ३० मार्च १९५७. रक्कम एकशे पस्तीस रुपये. हजर चौघे: आमचे वैज्ञानिक अधिकारी, ज्यांना आम्ही साहेब म्हणत असू, दिल्लीहून आलेले हिशेब तपासनीस, केंद्राचा कारकून म्हणून मी, आणि दाराबाहेर बाकावर बसलेला आमचा निरीक्षक. ही रक्कम त्याच्या नव्वद दिवसांच्या मजुरीची होती. बिल दिल्लीने अडवले होते आणि एक पैसाही त्याच्या हातात पडला नव्हता.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरची कित्येक कार्यालये भोपाळला आली. त्यांच्या मागोमाग आमचे छोटे केंद्रही आले. आमची संस्था राष्ट्रीय संशोधनाची. पैसा केंद्र सरकारचा, पण संस्था म्हणजे सरकारी खाते नव्हे. कोणते संशोधन करायचे हे शास्त्रज्ञांची समिती ठरवी, त्याला किती पैसा द्यायचा हे वित्त शाखा ठरवी आणि कोणाला नेमायचे हे आस्थापना शाखा. तिन्ही दिल्लीत, तीन वेगळ्या दारांमागे. भोपाळला आम्ही जागा मागायला गेलो की राज्याचे लोक म्हणत, "तुम्ही दिल्लीचे." दिल्लीला पत्र लिहिले की उत्तर येई, "स्थानिक पातळीवर सोय पाहावी."

काम मात्र अगदी इथल्या मातीचे होते. नव्या राजधानीसाठी टी. टी. नगरात क्वार्टर्स उठत होती आणि काळ्या मातीत नवी भिंत वर्षाच्या आत तडकत होती. ही माती उन्हात आक्रसते, पावसात फुगते. किती, कधी आणि किती खोलवर, हे मोजायला साहेबांनी एका मोकळ्या तुकड्यात बारा लोखंडी खुंट्या पुरल्या होत्या. रोज सकाळी सात वाजता प्रत्येक खुंटीजवळ बसून भिंगातून पितळी पट्टीवरची रेघ वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. एक दिवसही चुकवायचा नाही. हे काम आमचा निरीक्षक करी. पन्नाशीचा, चौथी शिकलेला, नागपूरपासून साहेबांबरोबर असलेला.

मंजूर जागा दोनच होत्या, साहेबांची आणि माझी. तिसऱ्या माणसाचा पगार घालायला रकाना नव्हता. किरकोळ खर्चात तीन बाबी होत्या: रसायने, काचसामान आणि नमुन्यांची वाहतूक. साहेब म्हणाले, "वाहतुकीत घाला, पुढे बघू." मी घातले. बिलाच्या नमुन्यात 'किती खेपा' असा रकाना होता. तो कोरा ठेवणे माझ्या स्वभावात नव्हते, म्हणून मी रोज 'एक' लिहीत गेलो. एक डिसेंबर ते अठ्ठावीस फेब्रुवारी, नव्वद दिवस, नव्वद खेपा, दर दीड रुपया.

तपासनिसांनी नमुन्यांची नोंदवही उघडली. तीन महिन्यांत प्रयोगशाळेत आलेले नमुने होते सात.

"सात नमुन्यांना नव्वद खेपा?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. "अहो, एवढ्यात तुमची ही श्यामला टेकडी सपाट झाली असती. हे 'एक, एक' कोणी लिहिलं?"

"मी."

"माती आली होती?"

"नाही."

साहेब मध्ये बोलू लागले, तर तपासनिसांनी हात वर केला. "तुम्ही थांबा. खोटं यांनी लिहिलंय, तेही सुवाच्य अक्षरात."

पण माझ्यापेक्षा बाहेर बसलेल्याचे अधिक अडले होते. त्याच्या मेव्हण्याने नागपूरच्या गिरणीत त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, एप्रिलअखेरपर्यंतच. दिल्लीने मजुरी नाकारली तर तो जाणार होता, आणि त्याचे काही चुकत नव्हते. तो गेला की पावसाआधीची निरीक्षणे तुटणार होती आणि साहेबांचे वर्ष वाया जाणार होते.

तपासनिसांनी त्याला आत बोलावले. "काय करता तुम्ही?"

"माती पाह्यतो जी."

"नुसती पाहता? त्याचे दीड रुपये?"

"उद्या सकाळी या न जी. तुम्हीच पाह्यजा, मंग भाव सांगजा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तपासनीस सात वाजता कोट घालून खरेच आले. धोतर सावरत पहिल्या खुंटीजवळ उकिडवे बसले, भिंगाला डोळा लावला आणि आकडा सांगितला.

"चुकला जी. वरची रेघ सावली हाये. खालची पाह्या."

त्यांनी पुन्हा पाहिले. पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा जुळले तेव्हा ते हसले आणि गुडघा धरून उठले. "आणि अशा बारा?"

"बाराच. साहेब चोवीस म्हनत होते, म्या नाही म्हनलं."

मग त्यांनी वही मागितली. ती त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, पहिल्या पानापासून चाळली. संक्रांतीचा आकडा होता. ताप आला त्या दिवशीचाही होता, फक्त अक्षर वेडेवाकडे होते.

परत आल्यावर ते मला म्हणाले, "काम खरं आहे आणि बिल खोटं आहे. बिल मी पास करणार नाही. पण या योजनेला समितीने मान्यता दिली तेव्हाचं टिपण तुमच्याकडे असेल ना?"

ते फायलीत होते. मी ते कधी वाचले नव्हते, मंजूर रकमेचा आकडा तेवढा पाहून फाईल बांधली होती. चौथ्या परिच्छेदात समितीने लिहिले होते की निरीक्षणे 'दररोज, खंड न पडता' घ्यावीत. म्हणजे काम शास्त्रज्ञांनी मागितले होते, फक्त ते करणारा माणूस पुढच्या दाराला कोणी कळवला नव्हता.

मी पत्र लिहिले. पहिल्या ओळीत 'खेपा' ही माझी चूक म्हणून कबूल केली. साहेबांनी ती ओळ खोडायला सांगितली, मी खोडली नाही. तपासनीस म्हणाले, "टपालात टाकू नका. मी नेतो. तिथे एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला टपालापेक्षा माणूस बरा."

पत्राचे उत्तर २७ एप्रिलला आले. निरीक्षकाची जागा मंजूर झाली होती, १ मार्चपासून महिना पंचेचाळीस रुपये. मागचे नव्वद दिवस रोजंदारी म्हणून मान्य, पण त्यातले तेरा रविवार वित्त शाखेने वगळले होते, साप्ताहिक सुटी म्हणून.

मी त्याला वाचून दाखवले.

"माती रविवारची सुटी घेते काय जी?" तो म्हणाला. मग म्हणाला, "जाऊ द्या. मेव्हन्याले लिहून टाका, येत नाही म्हना."

सोमवार, २९ एप्रिलला पैसे वाटले. सत्त्याहत्तर दिवसांचे ११५ रुपये ५० नवे पैसे आणि मार्चचे ४५ रुपये संस्थेने त्याला दिले. तेरा रविवारांचे १९ रुपये ५० नवे पैसे साहेबांनी आणि मी निम्मे निम्मे दिले. ते घ्यायला तो तयार नव्हता. "हे दंडाचे आहेत, माझ्या," असे मी म्हटल्यावर त्याने घेतले. एकूण १८० रुपये झाले. त्यातले ९४ रुपये त्याने त्याच संध्याकाळी थकलेल्या उधारीपोटी किराणा दुकानदाराला दिले.