‘नकाशा काढून राहिली होती’ या वाक्याचा अर्थ

सप्टेंबर १९७४, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी: चौथीच्या वर्गातील एका मुलीने माझी एक लपवलेली गोष्ट वर्गात उघड केली आणि ती मुलगी मला नकोशी झाली. जबाबदार: मी.

जानेवारी १९७५, वार्षिक तपासणीचा दिवस: त्याच मुलीच्या एका वाक्याचा चुकीचा अर्थ लावून तिला चोर ठरवण्यात आले. जबाबदार: तपासणीस आलेले शिक्षण विस्तार अधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक आणि मी.

तोच महिना, आठ दिवसांनंतर: चूक दाखवून देणारे माझे पत्र वाचून बाजूला टाकण्यात आले. जबाबदार: वरील अधिकारी, एकटे.

जून १९८६ पासून आजपर्यंत: चूक सिद्ध असूनही दुरुस्ती नाही. जबाबदार कोण, हे ठरावे म्हणून हे लिहीत आहे.

मुख्याध्यापक आज हयात नाहीत. मृतावर दावा चालत नाही, म्हणून त्यांच्याविषयी आवश्यक तेवढेच लिहीन. नाव कोणाचेच लिहिणार नाही. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे ते स्वतःला ओळखतील.

पवनी तालुक्यातील धानाच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. मी याच जिल्ह्यातला. धानाच्या बांधीतला चिखल तुडवीत वाढलेला. शिक्षक होण्यासाठी प्रशिक्षणाला गेलो तेव्हा पहिल्याच पाठात माझ्या तोंडून ‘मले’ निघाले आणि परीक्षक हसले. त्या हसण्यानंतर दोन वर्षे मी भिंतीकडे तोंड करून ‘मला, तुला, त्याला’ घोकले. तेव्हापासून वीस-बावीस वर्षे मी शाळेत पुस्तकासारखा बोलत आलो होतो, आणि त्याचा मला अभिमान होता. घरी आईशी बोलताना जीभ आपल्या जागी परत जाई. पण ते घरचे होते.

ही मुलगी जूनमध्ये वर्गात आली. तिचे वडील चिखल्याच्या मँगनीज खाणीत होते. आई गेल्यावर त्यांनी तिला आमच्या गावी मामाकडे ठेवले होते. वय दहा. बारीक, केस कापलेले, डोळे सतत कोणाची तरी चूक शोधणारे. आसगावच्या बाजारात तिने मला वांगी घेताना पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असताना ती उभी राहिली.

“अबे, आपले गुरुजी बाजारात आपल्यासारखेच बोलतेत! वांगेवाल्या बाईले म्हणत होते, ‘मले नोको शिकवू, सडके कायले टाकून राहिली?’”

सगळा वर्ग खिदळला. मी म्हणालो, “खाली बस.”

“काहून जी? खोटं बोलली का मी?”

खोटे बोलली नव्हती. तिला शिक्षा करण्यास कोणताही आधार नव्हता, आणि म्हणूनच ती मला असह्य झाली. त्यानंतर मी बोलायचो आणि ती शेजारच्या पोरांना त्याचा हळूच इकडच्या बोलीत उलथा करून सांगायची. मी ‘भाताची लावणी’ म्हटले की तिचे ‘रोवणा, रोवणा’ ऐकू येई. मी ‘तळे’ म्हटले की ती म्हणे, “तळं म्हणजे बोडी, बे. गुरुजीले बोडी म्हणता येते, पण शाळेत येत नाही.” त्या उलथ्यामुळे मागच्या रांगेतली तीन पोरे प्रथमच धडा समजून घेऊ लागली होती, हे मला दिसत होते. दिसूनही राग कमी होत नव्हता.

एखादे मूल न आवडणे हा अपराध नाही. त्या नावडीने हात चालवणे, गुण देणे, न्याय करणे हा अपराध आहे. हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही तितक्याच ठामपणे मानतो. म्हणून मी टाचणवहीच्या आतल्या पानावर स्वतःसाठी नियम लिहिले. तिची वही सर्वांत आधी तपासायची नाही, सर्वांत शेवटीही नाही. मधेच कोठेतरी तपासायची. दुसऱ्या मुलाने तीच गोष्ट केली असती तर ज्याला शिक्षा झाली नसती, त्यासाठी तिला शिक्षा करायची नाही. राग आला तर बोलण्यापूर्वी फळा पुसायचा. आणि आठवड्यातून एकदा तिच्यातली एक खरी चांगली गोष्ट शोधून ती भर वर्गात सांगायची. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण होता. त्या हिवाळ्यात आमच्या वर्गाचा फळा जिल्ह्यात सर्वांत स्वच्छ असावा.

पद्धत यशस्वी झाली. डिसेंबरपर्यंत मी तिला एकदाही हात लावला नव्हता, एकही गुण कापला नव्हता. नवीन शिक्षक मला विचारतात तेव्हा मी आजही हीच पद्धत सांगतो. त्या पद्धतीत एक भोक होते, ते मात्र त्यांना सांगायला विसरत नाही: माझे सगळे नियम मी काय करू नये याविषयी होते. केव्हा बोललेच पाहिजे, याचा नियम मी लिहिला नव्हता.

तपासणीच्या आठवड्यातल्या सोमवारी मधल्या सुट्टीत मुले घरी जेवायला गेली. ही मुलगी वर्गातच होती, कारण मामाचे घर दुपारी कुलूपबंद असे. भिंतीवर जिल्ह्याचा कापडी नकाशा होता. त्यासमोर बसून ती वहीत तो नकाशा काढत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. वैनगंगेचे वळण तिने असे धरले होते की मलाही जमले नसते; वरच्या टोकाला चिखल्याच्या जागी तिने ठिपका देऊन भोवती गोल केला होता. आठवड्याची चांगली गोष्ट मिळाली. मी त्या पानावर लाल शाईने तारखेसह सही केली आणि दुपारी वर्गात म्हणालो, “नकाशा उत्तम आहे.” ती म्हणाली, “मंग ‘मस्त’ म्हणा ना जी.”

त्या काळी आमच्याकडे एक रीत होती. ती कागदावर कोठेही नाही, पण ज्याने खेड्यात शिकवले त्याला ठाऊक आहे. तपासणी एका गावात झाली की त्या शाळेतला पृथ्वीगोल, तराजू, नकाशा सायकलवर पुढच्या गावी जाई, आणि साहेबांना दोन्हीकडे तीच वस्तू वेगवेगळ्या नोंदवहीत सापडे. आमच्या मुख्याध्यापकांनी सोमवारी संध्याकाळी तो नकाशा शेजारच्या गावच्या शाळेला दिला. तेथील तपासणी मंगळवारी होती, आमची गुरुवारी. बुधवारी तो परत यायचा होता. आला नाही. भिंत रिकामी मला दिसली होती, पण नकाशा कोठे गेला हे मला त्या गुरुवारी ठाऊक नव्हते; मुख्याध्यापकांना होते.

विस्तार अधिकारी त्याच वर्षी पश्चिमेकडून बदलून आलेले होते. त्यांनी माझा पाठ ऐकला आणि म्हणाले, “गुरुजी, तुमचे उच्चार इकडचे वाटत नाहीत.” मी आभार मानले. नंतर त्यांनी जडसंग्रह नोंदवही मागवून वस्तू मोजल्या. भिंतीवर दोन खिळे होते, नकाशा नव्हता.

“वर्गात एकटं कोण थांबतं?” त्यांनी विचारले.

मुख्याध्यापक म्हणाले, “एक पोरगी थांबते, साहेब. मामाकडची.”

“लेखी घ्या तिचं.”

तिला पाटावर बसवून, कशासाठी ते न सांगता, घरचे कोणी जवळ नसताना तिच्याकडून कागद लिहून घेण्यात आला. अधिकाऱ्यांनी तो मोठ्याने वाचला: “‘सोमवारी मधल्या सुट्टीत मी एकटी नकाशा काढून राहिली होती.’ एकटी. नकाशा काढून. राहिली होती. म्हणजे भिंतीवरून काढला आणि तिथेच थांबली. चला, मुलगी प्रामाणिक तरी आहे.”

या जिल्ह्यात ‘काढून राहिली होती’ म्हणजे ‘काढत होती’. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे. येऊन राहिलो म्हणजे येतो आहे. हे येथे दोन वर्षांच्या लेकरालाही कळते.

“काढून राहिली होती जी, नेला नाही!” ती म्हणाली.

“काढलास, पण नेला नाहीस. मग कोणाला दिलास?”

“कोणालेच नाही. गुरुजीले विचारा ना!”

अधिकारी माझ्याकडे वळले. “काय गुरुजी?”

मला अर्थ समजला होता. मी तिला काढताना पाहिले होते. माझी सही तिच्या दप्तरात होती. परंतु उलगडा करायचा तर ‘आमच्याकडे असे बोलतात’ हे म्हणावे लागले असते. त्यातला ‘आमच्याकडे’ हा शब्द मला उच्चारवेना. आणि आणखी एक गोष्ट, जी शपथेवर सांगतो: त्या क्षणी मला हायसे वाटले. उद्यापासून ही वर्गात नसेल, असे मनात आले.

मी म्हणालो, “मला काही सांगता येणार नाही.”

जनरल रजिस्टरात शेरा पडला: चोरीची कबुली, नाव कमी केले. दोन दिवसांत तिचे वडील येऊन तिला चिखल्याला घेऊन गेले.

पाचव्या दिवशी शेजारच्या गावचे शिक्षक सायकलवरून नकाशा घेऊन आले, धोतरात गुंडाळलेला. मुख्याध्यापक मला म्हणाले, “चूप राहा, गुरुजी. बोलाल तं दोन शाळा डुबतीन.”

“आणि पोरगी?”

“पोरगी तं गेली बापाकडे. तिथं नाही का शाळा?”

तीन दिवस मी फळा पुसत राहिलो. मग आयुष्यातले पहिले तक्रारपत्र लिहिले. पान एक: सदर वाक्याचे व्याकरण, दहा उदाहरणांसह. पान दोन: माझी सही असलेली वही मागवावी. पान तीन: नकाशा भिंतीवर आहे, येऊन पाहावे. उत्तर आले नाही. अकरा वर्षांनी ते पत्र मला कार्यालयाच्या नस्तीत दिसले. कोपऱ्यात त्याच अधिकाऱ्यांचे अक्षर होते: “वाचले. भाषेचे वाद नकोत.”

वाद! दहा वर्षांच्या मुलीला चोर म्हणताना भाषा पुरेशी स्पष्ट होती. ती चोर नाही, हे सांगू लागताच त्याच भाषेचा वाद झाला. ‘भाषेचे वाद नकोत’ या तीन शब्दांनी मला जेवढे संतापवले तेवढे त्या मुलीने सात-आठ महिन्यांत संतापवले नव्हते.

जून १९८६ मध्ये, माझ्या निवृत्तीच्या महिन्यात, एक बाई शाळेच्या ओसरीवर येऊन उभी राहिली.

“ओळखलं का जी, गुरुजी?”

“ओळखलं.”

“मंग बस म्हणा ना.”

लग्न करून तिला करडी गावाकडे दिले होते. ती सातवी पास होती. गावात अंगणवाडीची जागा निघाली होती, आणि तिने दाखला पुढे केला तेव्हा पंचांपैकी एकाने शेरा चारचौघांत वाचून विचारले होते, “लेकरांचा खाऊ हिच्या हाती देता का बे?” एका शाळेचा शेरा दुसऱ्या शाळेच्या दाखल्यावर, तेथून तिसऱ्या दाखल्यावर असा उतरत आला होता. कोणी काही विचारले नव्हते. सर्वांनी सुवाच्य अक्षरात नकलून घेतले होते.

ती म्हणाली, “तुमाले तवाच समजलं होतं ना?”

“समजलं होतं.”

“मंग बोलले काहून नाही?”

शाळेच्या इमारतीत मी प्रथमच माझ्या आईच्या भाषेत उत्तर दिले. “तू मले आवडत नव्हती, बाई.”

ती हसली. “ते तं मालूम होतं जी. तुमीबी मले आवडत नव्हते. मी काही खोटं नाही लिहून दिलं तुमच्यावर.”

ती मला त्या दिवशीही फारशी आवडली नाही. तिची बोलण्याची पद्धत तीच आहे. त्याने काही फरक पडत नाही. मी प्रतिज्ञापत्र केले. शेजारच्या शाळेच्या निवृत्त शिक्षकांनी, नकाशा त्यांच्याकडे होता, असे लिहून दिले. नव्या मुख्याध्यापकांनी दुरुस्तीला संमती दिली. कार्यालयाने कळवले की शेरा ज्यांच्या आदेशाने पडला, त्या अधिकाऱ्यांचा अभिप्राय आल्याशिवाय रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही. अधिकारी निवृत्त आहेत, हयात आहेत, जिल्ह्याच्याच ठिकाणी राहतात. मी त्यांना नोंदणीकृत टपालाने तीन पत्रे पाठवली. तिन्हींच्या पोचपावत्यांवर त्यांची सही आहे. उत्तर एकाचेही नाही. ती जागा दुसऱ्या बाईला मिळाली. आता शेजारच्या टोलीवर, म्हणजे लहान वस्तीवर, नवी जागा निघणार आहे, आणि तिचा दाखला अजून तसाच आहे.

खासगी पत्रव्यवहार येथे संपवतो. माझी जाहीर मागणी अशी: सदर अधिकाऱ्यांनी त्या शाळेच्या ओसरीवर, त्या बाईच्या आणि गावाच्या समक्ष यावे, प्रकृती साथ देत नसेल तर जिल्ह्यातील कोणत्याही साप्ताहिकात स्वतःच्या सहीने छापावे, आणि एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. तो कागद वाचल्यावर त्याचा अर्थ आपण या जिल्ह्यातील एका तरी माणसाला विचारला होता काय? माझ्याकडे आपण वळला होतात, पण ‘काय गुरुजी’ एवढेच म्हणालात. त्यावर मी खरे सांगितले नाही, तो माझा गुन्हा मी वर, आणि प्रतिज्ञापत्रात सहीनिशी, कबूल केला आहे. आपले उत्तर ‘होय’ असेल तर त्या माणसाचे नाव सांगावे. ‘नाही’ असेल तर तेवढा एक शब्द लिहून द्यावा. कार्यालयाला तो पुरेसा आहे, हे मी लेखी विचारून घेतले आहे. नवी जागा निघण्यापूर्वी, सर्वांसमक्ष, उत्तर द्यावे.