धबधब्याच्या वाटेवरचं गाऱ्हाणं

"मोठ्यान बोला! देवाक आयकाक कमी येता!"

धबधब्याच्या वाटेला लागण्याआधी आबा चपला काढून चिखलात उभे राहायचे, छत्री काखेत मारायचे आणि आम्हा सगळ्यांना असा दम द्यायचे. आबा आमचे शेजारी, मूळचे मालवणकडचे. बोरिवलीला आमच्या बिल्डिंगमागेच जंगल सुरू होतं. पावसाळ्यात एका रविवारी ते अख्ख्या मजल्याला तिथला धबधबा दाखवायला न्यायचे. पायवाट जेमतेम अर्ध्या तासाची, पण आधी गाऱ्हाणं. म्हणजे ते देवापुढे एकेक मागणं मांडणार आणि आपण "व्हय म्हाराजा" म्हणून होकार द्यायचा. "जो मधीच गप रवतलो, तेचो पाय घसरतलो," हा नियम त्यांनी स्वतःच बनवला असणार, मला खात्री आहे.

धबधबा म्हणाल तर गच्चीवरची टाकी भरून वाहावी एवढाच. पण आबांपुढे तसं बोलायची सोय नव्हती. "आमच्या गावच्या धबधब्याचो ह्यो धाकटो भाव," म्हणायचे. कुणी दमलं की, "इलोच, ह्या वळणार!" मग आणखी दोन-तीन वळणं. अशी थापाडी माणसं तुमच्याही शेजारी असतील. आमचा नमुना जरा जास्तच बिलंदर होता.

एका वर्षी मी मरोळला नोकरी धरली आणि सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. मी समोर उभी असताना त्या माझ्या नवऱ्याला सांगायच्या, "तुझ्या बायकोला सांग, भाजी करपतेय." कित्येक महिने हेच! मला नोकरी हवी होती आणि त्याही हव्या होत्या. सोडून द्यावी ती नोकरी, असं रोज मनात यायचं.

त्या पावसाळ्यातही वाटेच्या तोंडाशी गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा, कोणाचो पाय घसरलो तर सांभाळून घे!"

"व्हय म्हाराजा!" सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. देवाच्या कामात त्या कधी मागे नाहीत.

"ह्या पोरीन नोकरी धरल्यान हा, तिका येश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांबरोबर त्याही म्हणून गेल्या. मग त्यांनी खाडकन डोळे उघडले.

"आणि घरात तिच्यावांगडा कोण बोलणा नसात, तर तेची वाचा मोकळी कर रे म्हाराजा!"

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. आबा डोळे मिटून थांबलेले, चेहरा अगदी संताचा. सासूबाईंनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा पुढच्या निसरड्या वाटेकडे.

"व्हय म्हाराजा," त्या दातओठ खात म्हणाल्या.

पहिल्याच ओढ्यापाशी त्यांनी माझा दंड धरला. "हसतेस काय गं? खाली बघून चाल." मी खालीच बघत होते, कारण मला रडू फुटलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात शांतता म्हणून नाही. रोज भांडतो आम्ही, समोरासमोर, झकास. एकदा वैतागून मी म्हटलं, "आबा, आता जरा त्यांना गप करायचं गाऱ्हाणं घाला ना!" म्हणाले, "ता देवाच्यापण हातात नाय गो."

यंदा उन्हाळ्यात ऑफिसात असताना फोन वाजला. सासूबाई.

"आबा गेले गं," म्हणाल्या.

मग दोघीही काही बोललो नाही. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.